धुक्यातल्या दोन हाका

साताऱ्याचा किल्ला मी पहिल्यांदा पाहिला तो दोन कोंबड्यांच्या डोक्यांवरून. पुण्याहून निघालेल्या एस.टी.त शेजारच्या आजोबांच्या मांडीवर दुरडी होती, दुरडीत कोंबड्या होत्या, आणि खिडकी त्यांच्या बाजूला होती. अकोल्याकडच्या माझ्या वाचकांना डोंगराचं अप्रूप असतं हे मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगतो की सातारा गाव त्या किल्ल्याच्या पायाशी असं बसलं आहे की कुठल्याही बोळातून वर मान केली की तो दिसतोच. पहिले दोन दिवस मी मान वर करून चाललो आणि दोनदा गटारात पाय घातला.

मी फिरायला गेलो नव्हतो, कामाला गेलो होतो. मी मराठी टंकयंत्रं दुरुस्त करतो. सरकारी पत्रं मराठीतून जायला लागल्यापासून कचेऱ्याकचेऱ्यांत मराठी मशीनं आली आणि यथावकाश बिघडूही लागली. कंपनीच्या पुणे शाखेत मराठी मशीनवर हात बसलेला माणूस नव्हता, म्हणून सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांसाठी मला अकोल्याहून सहा आठवडे उसनं आणलं होतं. निघताना वडिलांनी माझ्या हातात एक कोरं आंतर्देशीय पत्र दिलं. घरचा पत्ता त्यांनीच आधी घालून ठेवला होता. म्हणाले, मूर्तिजापूरकडची मुलगी आम्हाला पसंत आहे, परत येण्याआधी तुझा होकार लिहून टाक. नकार असला तर काय, हे ते बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. मी नाकासमोर चालणारा माणूस. पत्र शर्टाच्या खिशात ठेवलं आणि गाडीत बसलो.

साताऱ्याच्या कचेरीत खिडकीपाशी एक मुलगी टंकलेखन करत होती. बावीस-तेविशीची असेल. निळ्या काठाची सुती साडी, आणि कळांकडे न बघता चालणारी बोटं. आमच्या धंद्यात माणसाची पारख चेहऱ्यावरून करत नाहीत. काही लोक मशीनला झोडपतात, काही कुरवाळतात. ही मुलगी मशीनशी सरळ वागत होती. हेडक्लार्कने माझं कंपनीचं पत्र नोंदीसाठी तिच्याकडे दिलं आणि तिने नाव मोठ्याने वाचलं, "मधुकर." मग वहीत लिहिताना पुन्हा म्हणाली, "मधुकर." आणि मग वर बघून, "मधुकर म्हणजे भुंगा ना हो?" सगळी कचेरी हसली. मी मान खाली घालून मशीन उघडलं. तिचं नाव शालन. हे मला शिपायाकडून कळलं, कारण तिला विचारण्याची माझी छाती झाली नाही.

काम संपल्यावर, आता मी वाईला जाऊन राहिलो, असं मी आमच्या वऱ्हाडी पद्धतीने सांगितलं. ती थांबली. "म्हणजे जाताय का राहताय? एक काय ते ठरवा." मी हत्यारांची पेटी उचलून निघालो. कंदी पेढे घेतले, चांगले होते. अर्धे वाटेत संपले.

वाईला दोन दिवस झाले आणि पुण्याहून तार आली की आधी महाबळेश्वर गाठा, तिथलं यंत्र बंद आहे. जुलै महिना. घाट चढताना काचेबाहेर नुसतं पाणी. कंडक्टर मला म्हणाला, "आवं, ह्या दिसांत हितं कुनी येत न्हाई. तुमी कशाला आलाय?" गावात शिरल्यावर त्याचं म्हणणं पटलं. हॉटेलं बंद, टॅक्स्या झाकलेल्या, आणि घरांच्या भिंतींना गवताचे झापे (पावसाचा मारा अडवणारे तट्टे) बांधलेले, म्हणजे सगळं गाव घोंगडं पांघरून बसलेलं.

कचेरीत शिरलो तर खिडकीपाशी शालन.

"तुम्ही इथं?" असं दोघांनी एकदम विचारलं. इथली टंकलेखिका बाळंतपणाच्या रजेवर गेली होती आणि त्या जागेवर हिला तीन आठवड्यांसाठी आदल्या दिवशीच धाडलं होतं. तिची नोकरी तशीच होती. जिथे कुणी रजेवर जाईल तिथे हिची पाठवणी व्हायची. मी म्हटलं, योगायोग आहे. ती म्हणाली, गंज आहे, आणि मशीन माझ्याकडे सरकवलं. खरंच होतं, त्या हवेत अक्षरांच्या सगळ्या दांड्या गंजून एकमेकींना चिकटल्या होत्या.

दुपारी मशीन तेलात भिजत ठेवलं आणि पाऊस जरा थांबला. महाबळेश्वरला जाऊन एकही पॉइंट पाहिला नाही असं सांगितलं तर अकोल्यात माझी काय इभ्रत राहिली असती? शिपाई गणपा जाऊ नका म्हणत होता. मी गेलो. पाऊण तास चाललो असेन, तोच खालून धुकं आलं आणि माझी छत्री धरलेली मूठसुद्धा मला दिसेना. दरी डावीकडे होती की उजवीकडे हे आठवेना. मी एका दगडावर बसून राहिलो. किती वेळ गेला कोण जाणे.

मग लांबून हाक आली, "मधुकरराव!"

मी ओ दिली नाही. खोटं कशाला सांगू, मला लाज वाटली. पॉइंट बघायला गेलेला मोठा माणूस हरवलेल्या वासरासारखा ओरडतोय हे त्या मुलीने ऐकू नये असं वाटलं. उठून आपणच सापडल्यासारखं करावं म्हणून मी आवाजाच्या दिशेने निघालो. तेवढ्यात दुसरी हाक आली. ही जवळून होती आणि घाबरलेली होती. "मधुकर!"

मी धावलो, शेवाळावर घसरलो आणि आधाराला धरली ती काटेरी तार. उजव्या हाताचा अंगठा चांगलाच फाटला. धुक्यातून ती आणि कंदील घेतलेला गणपा पुढे आले. तिने काही विचारलं नाही. चहाच्या टपरीतून हळद घेतली, गणपाच्या उपरण्याची कडा फाडली आणि अंगठा बांधला. कळ सोसत मी म्हणालो की हा अंगठा गेला तर माझा धंदा गेला, दांडी सरळ करायला दुसरं काही चालत नाही. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि गाठ मारली. त्या बघण्याचा अर्थ मी पुढचे तीन आठवडे लावत बसलो आणि प्रत्येक वेळी चुकीचा लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गणपाने चहा आणला. मी सहज विचारावं तसं विचारलं, शालनबाईंचं गाव कोणतं. तो म्हणाला पलूस, सांगलीकडं, वडील मिलिट्रीत होते ते वारले, घरी आई. आणि मी न विचारताच पुढे म्हणाला, "आत्याचा पोरगा बी मिलिट्रीत हाय, हवालदार. दिवाळीला सुट्टीवं आला की बार उडतोय बगा."

"ठरलंय?"

"ठरायचं काय त्यात? आत्याचा पोरगा हाय म्हटल्याव बाहेर कशाला बघत्यात?"

रीत आमच्याकडेही आहे. मुलीवर पहिला हक्क आत्याच्या घराचा. त्यामुळे मला ते लगेच पटलं. कालपर्यंत ज्या मुलीचं नाव विचारायची छाती नव्हती, तिचं लग्न ठरलंय हे ऐकून मला इतकं वाईट का वाटावं? तिच्यावर राग आला, हवालदारावर आला आणि सगळ्यात जास्त स्वतःवर आला. मशीन डाव्या हाताने जुळवलं आणि ती यायच्या आत पहिल्या गाडीने खाली उतरलो.

नशिबाला मात्र माझा राग दिसला नसावा. चार दिवसांनी साताऱ्याहून म्हसवडच्या गाडीत चढलो. गाडी खच्चून भरलेली. कंडक्टरने मला ढकलत ढकलत मागे नेऊन एका मोकळ्या जागेवर बसवलं आणि शेजारी शालन होती. आईचा नवस फेडायला सिद्धनाथाला निघाली होती, दोन दिवसांची रजा काढून. न सांगता का निघून आलात, एवढंच तिने विचारलं. काम होतं, म्हणालो. 

हा जिल्हा मोठा विचित्र आहे. पश्चिमेला अंगावर शेवाळ येईल एवढा पाऊस, आणि त्याच महिन्यात पूर्वेला माणदेशात जमिनीतून धूर निघतोय. दहिवडी सोडली आणि झाडं बसकी होत गेली, दगड वाढत गेले, ओढे कोरडे. मग टायर फुटला. सगळे खाली उतरून एका लिंबाच्या सावलीला बसलो. जवळच्या घरातल्या बाईने गाडीभर माणसांसाठी पाणी आणलं आणि आम्हाला दोघांना माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ कढी) दिलं. शालनने माझ्या हातातली वाटी बघितली, मग वाटीखालचा अंगठा बघितला. तो सुजून काकडीएवढा झाला होता. ती एवढंच म्हणाली, "डॉक्टरला दाखवा आजच." मी, बघू, म्हणालो. लग्न ठरलेल्या बाईने माझ्या अंगठ्याची काळजी करू नये असं मला वाटत होतं, आणि तिने ती करत राहावी असंही वाटत होतं.

म्हसवडला उतरल्यावर मी तिच्याबरोबर देवळात गेलो. कचेरी दुपारनंतर उघडणार होती, हे निमित्त. देऊळ जुनं, दगडी, आत गार. सिद्धनाथ आणि जोगेश्वरी असं देवाचं जोडपं आहे. गुलाल-खोबऱ्याचा मान, त्यामुळे पायऱ्यासुद्धा गुलाबी. शालनने बाहेरून दोन नारळ घेतले होते. गुरवाने पहिला हातात घेऊन विचारलं, "कुनाच्या नावानं?" तिने आईचं नाव सांगितलं, गुडघा दुखतोय हेही सांगितलं. गुरवाने नाव घेतलं, चांगभलं म्हटलं, नारळ फोडला. दुसरा उचलला.

"आनि ह्यो?"

ती बोलेना.

"नाव सांगा की बाई. नावाबगर कसा फोडू?"

तिचा चेहरा पायऱ्यांसारखा झाला. खाली बघत म्हणाली, "देवाला ठावं हाय. तुमी फोडा."

गुरव म्हातारा होता. त्याने तिच्या मोकळ्या गळ्याकडे बघितलं, मग हसला आणि आणखी काही न विचारता नारळ फोडला. मी मागे खांबाला टेकून उभा होतो. मलाही कळलं. बाई कुणाचं नाव घेत नाही हे काय सांगायला हवं? माझ्या आईने उभ्या जन्मात वडिलांचं नाव घेतलेलं नाही. शिरगणतीचा माणूस दारात आला तेव्हा तिने मला हाक मारून सांगायला लावलं होतं. म्हणजे गणपाचं खरं होतं. लग्नाला अवकाश होता, तरी हिने मनातून ते उरकलं होतं आणि सरहद्दीवरच्या हवालदारासाठी नारळ फोडत होती. चांगलं आहे, म्हटलं. खोबऱ्याचा तुकडा तिने मला दिला तो मी खाल्ला. 

डॉक्टरने दोन सुया दिल्या. अंगठा वाचला.

पुढचे पंधरा दिवस कऱ्हाड, विटे, तासगाव असे गेले आणि त्यांचं वर्णन मी करत नाही, कारण मी काही पाहिलंच नाही. मशीन उघडत होतो, बंद करत होतो. शेवटच्या आठवड्यात सांगलीला आलो. सांगलीत बाजारपेठेत शिरलं की हळदीचा वास नाकात बसतो आणि गाव सोडेपर्यंत जात नाही. कृष्णेला मातकट पाणी आलं होतं आणि लोक घाटावर उभं राहून, कितव्या पायरीपर्यंत चढलंय, यावर वाद घालत होते. भडंग (तिखट लसणीचे चुरमुरे) मी पावशेर घेतला आणि खात खात कापडाच्या दुकानांवरून चाललो.

एका दुकानात शालन बसली होती. शेजारी उंचापुरा माणूस, टोकदार मिशा, केस बारीक कापलेले, पायांत लष्करी बूट. दिवाळीची वाट न बघता सुट्टी मिळालेली दिसली. दुकानदाराने हिरवा शालू उलगडला आणि पदर तिच्या खांद्यावर टाकून दाखवला. त्या माणसाने मान हलवली. शालन हसत होती. मी तिला असं मोकळं हसताना कधी पाहिलं नव्हतं. मी वळलो आणि जवळजवळ पळालो. भडंगाचा पुडा फुटून रस्ताभर सांडला.

लॉजवर जाऊन वडिलांचं पत्र काढलं. सहा आठवडे खिशात राहून त्याच्या घड्या मऊ पडल्या होत्या. लिहिलं, "मुलगी आपणांस पसंत आहे तर माझी हरकत नाही. होकार समजावा." चिकटवलं. पेटीपाशी गेलो तर त्या दिवसाचं टपाल निघून गेलेलं. उद्या टाकू म्हणून परत खिशात ठेवलं. त्या वेळी मी शांत होतो असं मला वाटलं. आता आठवून बघतो तर मी त्या रात्री जेवलो नव्हतो.

सकाळी पुण्याहून फोन आला. जाता जाता एक मशीन करून या, पलूसच्या सोसायटीचं अडलंय. पलूस म्हणजे शालनचं गाव. मी विचारलं, दुसरं कुणी नाही का? नव्हतंच कुणी. मराठी मशीनवाला दोन जिल्ह्यांत मी एकटा.

पलूसकडे उसाचं हिरवंगार शिवार आहे. काळी जमीन आमच्यासारखीच, पण पाण्याने सुस्तावलेली. सोसायटीचा सेक्रेटरी चार वाजताच घरी निघाला होता. म्हणाला, काम उद्या सकाळी करा, गावात लॉज नाही, तुम्ही त्या कोपऱ्यावरच्या मिलिट्रीवाल्यांच्या घरी उतरा, सरकारी पाव्हणे तिथेच उतरतात. या गावात मिलिट्रीवाल्यांची घरं काय थोडी आहेत, म्हणून मी मनाची समजूत घातली. दार उघडलं ते टोकदार मिशांनी.

"आवो साब, बैठो. मशीनवालं ना तुमी? सेक्रेटरीनं निरोप धाडलाय." हवालदाराने माझी हत्यारांची पेटी स्वतः उचलून आत ठेवली. माणूस इतका चांगला की त्याच्यावर धड रागावताही येईना. खिशातून डोकावणारं पत्र बघून म्हणाला, "टपालात टाकायचं हाय? पाचला पेटी उघडत्यात. मी सायकलीवं चाललोयच, द्या." मी दिलं. म्हटलं, बरंच झालं, याच्याच हातून जाऊ दे.

तेवढ्यात परसातून आवाज आला. "बाजी! आरं ए बाजी, घागर कुठं ठेवलीस?"

आवाज शालनचा होता. मी उभा राहिलो. "कुणाला हाक मारली?"

"मला की. मी बाजीराव." तो तिकडे ओरडला, "चुलीमागं हाय बग!" आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "तोंड बघा कसं चालतंय तिचं. दोन म्हैन्यांनी थोरला हाय मी, पर दादा म्हनायचं नाव न्हाई."

मला काहीच कळेना. जो नवरा होणार, ज्याचं नाव देवापुढेही घेतलं नाही, त्याला ही घागरीसाठी नावाने अरे-तुरे करून बोलावते? मी चाचरत काहीतरी विचारलं, म्हणजे लग्न, सांगलीचा शालू, तुम्ही दोघं. बाजीराव आधी गोंधळला, मग त्याने दोन्ही कान पकडले.

"शिव शिव. भन हाय ती माजी. मी तीन म्हैन्यांचा, शाली म्हैन्याची असताना माजी आई गेली. हितं मामीनं, शालीच्या आईनं, अंगावं पाजून वाढवलंय मला. दूधभाऊ हाय मी तिचा. शालू व्हय? त्यो माज्या नवरीला. अंगानं शालीएवढीच हाय, म्हनून न्हेली व्हती मापाला."

तो सायकल काढायला अंगणात गेला. मी तिथेच. आत्याचा मुलगा आहे एवढ्यावर गणपाने लग्न लावून दिलं होतं आणि मी त्याच्यावर अक्षता टाकल्या होत्या. ते ठीक. पण मग म्हसवडला नाव कुणाचं नव्हतं घेतलं? आणखी कोण आहे?

आतून म्हातारी बाई गुडघ्यावर हात ठेवत बाहेर आली आणि खाली टेकली. मागून शालन पाण्याचा तांब्या घेऊन आली, मला बघून उंबऱ्यातच थबकली.

"कोन पाव्हनं गं?" आईने विचारलं.

"मशीनवालं हायती. साताऱ्याच्या हापिसात आलं हुतं."

"त्यास्नी नाव असंल की."

शालन तांब्याकडे बघत राहिली.

"आगं, नाव इचारलं मी."

परसात कुठेतरी म्हैस ओरडली. शालनने तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि पदर सारखा केला.  साताऱ्याला हेच नाव तिने तीनदा भर कचेरीत घेतलं होतं. तांब्या उचलायला मी हात पुढे केला आणि आईची नजर माझ्या अंगठ्यावरच्या लाल व्रणावर गेली. 

"ह्योच व्हय त्यो अंगठा," ती म्हणाली. "म्हसवडास्नं आली तवा म्हनाली, दोन नारळ फोडलं. एक माज्या गुडघ्याचा. दुसरा कुनाचा म्हनलं, तर म्हनाली येकाच्या अंगठ्याचा. कुनाच्या म्हनलं, तर अशीच गप."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मी. सहा आठवडे दोन जिल्हे पालथे घातले, खांबाला टेकून माझाच नारळ फुटताना पाहिला आणि त्याचं खोबरं खाल्लं. मला हसू येत होतं, रडूही येत होतं. तेवढ्यात अंगणात सायकलची घंटी वाजली.

पत्र.

मी अनवाणी धावलो. बाजीराव मिलिट्रीचा माणूस, सायकलही तशीच मारत होता. चावडीपर्यंत मला तो फक्त पाठमोरा दिसला. लोक बाजूला होऊन बघत होते. पेटीपाशी पोहोचलो तेव्हा पत्राचा अर्धा भाग पेटीच्या तोंडात होता.

"टाकू नका," मी म्हणालो. पुढचं बोलायला दम नव्हता.

"का? काय लिवलंय?"

"होकार लिहिलाय. दुसरीकडे."

बाजीरावाने माझ्या चिखलाच्या पायांकडे बघितलं, मग माझ्या चेहऱ्याकडे. त्याला कळायला माझ्याएवढा वेळ लागला नाही. त्याने पत्र बाहेर ओढलं आणि माझ्या हातात ठेवलं. "मग चला घरी. होकार हितं द्या."

जेवायला भाकरी, दही आणि खर्डा (ठेचलेल्या मिरच्या) होता. आईने मला बरंच विचारलं. अकोला कुठे, गाडीला किती वेळ, पाऊस किती, घरी कोण कोण. वऱ्हाड लय लांब, असं ती तीनदा म्हणाली आणि तिसऱ्यांदा तिने पदराने डोळे टिपले. पोरीचा बाप नाही, मी कुणाच्या भरवशावर एवढ्या लांब देऊ, असं तिने सरळ विचारलं.  वडिलांना घेऊन येतो, ते बोलतील, एवढं म्हणालो. ते काय बोलतील हे मात्र मला माहीत नव्हतं.

सकाळी सोसायटीत मशीन उघडलं. रुळाखाली केसांत खोचायचा आकडा अडकला होता, दुसरं काही झालं नव्हतं. सेक्रेटरी म्हणाला, शालनबाई सुट्टीवर आल्या की आमची पत्रं करून देतात, परवा सांगलीहून परतल्यावर बसल्या होत्या. मी आकडा खिशात घातला. ती मला गाडीपर्यंत पोहोचवायला आली होती, बाजीराव चार पावलं मागे. मी आकडा दाखवला. साताऱ्याची भेट, महाबळेश्वरची, म्हसवडची, या सगळ्या नशिबाने घडवल्या हे मला मान्य होतं, पण ही पलूसची?

"पडला असंल," ती म्हणाली. मग, "सांगलीत तुम्ही दिसला होतात. पळालात का?"

"मी तिकडे येऊन राहिलो होतो, पण..."

"येताय का राहताय?"

"येतो," मी म्हणालो. "वडिलांना घेऊन येतो." आयुष्यात पहिल्यांदा मी एक काय ते ठरवलं होतं.

पुण्याच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. शेजारी कोंबड्या नव्हत्या. चिकटवलेलं पत्र उघडून मी होकारावर काट मारली आणि उरलेल्या जागेत वडिलांना सगळं लिहिलं. जागा पुरली नाही, कडेने आडवं लिहावं लागलं. ते काय म्हणतील याची धास्ती होती. अंगठा मात्र दुखत नव्हता. आकडा मुद्दाम टाकला होता की पडला होता, हे मला अजून कळलेलं नाही.

एक गोष्ट मात्र कळली. लग्न झालं तर चार बायकांनी दार अडवल्यावर ती उखाण्यात माझं नाव घेईल. बाकी जन्मभर मी अहो, नाहीतर मशीनवाले. साधी, मोकळी हाक आता मला तिच्याकडून मिळायची नाही. ज्या मिळायच्या त्या धुक्यात मिळून गेल्या. पहिल्या हाकेत राव होतं. तिला मी लाजेपोटी ओ दिली नाही, म्हणून तर दुसरी आली. त्या दुसरीत नुसतं माझं नाव होतं.